जीभ धरणारा माणूस

बेशुद्ध केलेल्या जनावराची जीभ हातात धरून बसायचं, हे त्याचं काम होतं.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा श्वास मोजणारी यंत्रं नव्हती. ऑपरेशनच्या टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला सुया आणि बाटल्या घेऊन मी, म्हणजे कंपाउंडर, आणि जनावराच्या डोक्याशी स्टुलावर तो. जीभ घशात पडून श्वास अडू नये म्हणून तो ती कापडाच्या तुकड्यात धरून तोंडाच्या कडेने बाहेर ओढून ठेवायचा आणि तिचा रंग बघत राहायचा. दर अर्ध्या मिनिटाला रंग मोठ्याने सांगायचा, असा जुन्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम होता. "गुलाबी," तो म्हणायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "गुलाबी." रंग उतरायला लागला तर "फिकी". आणि निळसर झाला तर रंग सांगायचा नाही, नुसतं "डॉक्टर" म्हणायचं. त्या एका शब्दावर सगळ्यांचे हात थांबत.

यावरून त्याचं नाव गुलाबी पडलं. पगारपत्रकावर दुसरं नाव होतं, पण ते हाक मारून कोणी वापरलेलं मी ऐकलं नाही. काळासावळा, जाड मिशांचा, बैलाच्या खांद्यासारख्या खांद्यांचा माणूस. नवीन येणाऱ्याला ते नाव ऐकून हसू यायचं. तो रागवायचा नाही. "नाव काहीही असो, जीभ आपल्या हातात आहे," म्हणायचा.

सव्वीस वर्षं तो त्या स्टुलावर बसला. या सव्वीस वर्षांत टेबलावर जनावरं दगावली नाहीत असं नाही, पण गुलाबीने सांगितलं नाही म्हणून एकही दगावलं नव्हतं. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय, ते मी त्याच्याकडे बघून शिकलो. माशी नाकावर बसली तरी हात हलायचा नाही. त्याची बायको, आमच्या वहिनी, मला म्हणायच्या, "भाऊजी, घरी मला ताप आला तरी हे आधी जीभ बघतात. मला बघायला आले होते तेव्हाही जीभच बघून होकार दिला असणार."

यावर तो म्हणायचा, "तेव्हा बघायला हवी होती. किती लांब आहे ते कळलं असतं."

त्यांना एक मुलगी होती, ती लहानपणीच गेली, एवढं दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. कशाने गेली ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

घड्याळजी आपला कुत्रा घेऊन पहिल्यांदा आला तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. घड्याळजी म्हणजे आमच्या दवाखान्यापासून तीन गल्ल्या सोडून असलेल्या एका चिंचोळ्या दुकानात बसणारा, सडसडीत, हळू बोलणारा म्हातारा. त्याच्या मुलाने हौसेने महागातलं पिल्लू घेतलं आणि वर्षभरात नोकरीसाठी तो परदेशी निघून गेला. कुत्रा राहिला बापाकडे. मुलाने ठेवलेलं इंग्रजी नाव बापाला उच्चारता येईना, म्हणून तो त्याला पैलवान म्हणायचा. आणि होताही तो तसाच. मानेभोवती सिंहासारखी आयाळ, अंगावर एवढी दाट तांबूस लोकर की बोटं घातली तर कातडीपर्यंत पोचायची नाहीत. मागचे पाय गुडघ्यात न वाकवता काठ्यांवर चालल्यासारखा ताठ चालायचा. तोंडावर कायमची आठी.

गुलाबी त्याला धरायला बाजूने गेला, तर कुत्रा दचकून फिरला आणि तोंड उघडून गुरगुरला. त्याबरोबर गुलाबी ओरडला, "डॉक्टर!"

डॉक्टर हातातलं टाकून धावत आले. मीही आलो. कुत्र्याची जीभ निळी-काळी होती. दौत सांडल्यासारखी.

डॉक्टरांनी बघितलं आणि ते हसायलाच लागले. "अरे, चाऊ आहे तो! चाऊ चाऊ. चीनमधली जात. त्यांची जीभ अशीच असते."

"जन्मापासून?"

"जन्मताना गुलाबीच असते, तुझ्या नावासारखी. दोन महिन्यांत काळी पडते. फार जुनी जात आहे ही. शिकारीला, राखणीला, ओझी ओढायला, सगळ्याला वापरायचे म्हणतात. पण स्वभाव मांजराचा. स्वच्छ, एकलकोंडा, नाकावर माशी बसू देणार नाही. एकाच माणसाला आपला मानायचं, बाकीची दुनिया गेली उडत." मग डॉक्टर घड्याळजीकडे वळून म्हणाले, "काळी जीभ आहे हो तुमच्या पैलवानाची. जपून राहा, बोलेल ते खरं व्हायचं."

"तो बोलतच नाही ना, साहेब," घड्याळजी म्हणाला. "भुंकतही नाही. दुकानात आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत नाही, म्हणून तर जमतं."

गुलाबी त्या हसण्यात सामील झाला नव्हता. तो अजून ती जीभ बघत होता.

पैलवानाचं दुखणं डोळ्यांचं होतं. त्या जातीचे डोळे आधीच लहान, बदामी आणि खोल. खाली एवढी कातडी की पापण्या आत वळतात आणि पापणीचे केस बुबुळावर घासत राहतात. त्याचा एक डोळा पांढरा पडायला लागला होता. ऑपरेशन केलं नाही तर दोन्ही जाणार होते. पापणीची एक पट्टी काढून ती बाहेर वळवायची, एवढंच काम. डॉक्टरांचा हात त्यात चांगला होता. आमचे डॉक्टर वाईट माणूस होते असं मला इथे म्हणायचं नाही. हाताने हुशार, स्वभावाने घाईचे, एवढंच.

ऑपरेशनआधी घड्याळजीने कुत्र्याला तीन वेळा औषध घालायला आणलं. तिन्ही वेळा गुलाबीने त्याला धरलं. खोल डोळ्यांमुळे कुत्र्याला बाजूचं दिसत नाही, हे गुलाबीच्या दुसऱ्याच खेपेला लक्षात आलं. त्यानंतर तो पार लांबून, समोरून, बोलत बोलत यायचा. "आलो रे, मीच आहे, कोणी चोर नाही." तिसऱ्या खेपेला कुत्र्याने त्याला जबडा धरू दिला. शेपूट हलवली नाही. पण घड्याळजी म्हणाला, "माझ्या मुलालाही त्याने कधी एवढं करू दिलं नव्हतं."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी गुलाबी औषधांच्या खोलीत आला आणि उभाच राहिला.

"बस की," मी म्हटलं.

"कंपाउंडर, उद्या मी काय बघू?"

मला समजलं नाही. त्याने एकेक बोट मिटत मोजून दाखवलं. "जीभ काळी, ती काही सांगायची नाही. हिरड्या बघितल्या, त्याही काळ्या. पापणीच्या आतला रंग बघावा, तर पापणीवरच सुरी चालणार. छातीवर हात ठेवावा, तर मध्ये एवढी गादी. माझ्याकडे राहिलं काय?"

मी म्हणालो, "छातीवरचे थोडे केस काढ."

"विचारलं डॉक्टरांना. नको म्हणाले. त्या जातीची शान लोकरीतच असते, परत यायला वर्ष लागतं, मालक काय म्हणेल. घड्याळजीला विचारू का म्हटलं, तर म्हणाले, उगाच घाबरवू नकोस म्हाताऱ्याला."

मग तो बसला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मुलीचं सांगितलं. तिच्या हृदयाला भोक होतं. ओठ आणि नखं कायम निळी. शाळेत मुलं विचारायची, शाई प्यायलीस का गं? आधी आधी हे दोघं त्या रंगाला घाबरायचे, मग सवय झाली. शेजारपाजाऱ्यांनाही झाली. ती सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी तो कामावरून घरी आला. मुलगी खाटेवर झोपलेली होती. वहिनी म्हणाल्या, दुपारपासून झोपली आहे, दमली असेल. शेजारची डोकावून म्हणाली, चेहरा काही वेगळा नाही दिसत, असाच असतो तिचा. त्यानेही बघितलं. रंग रोजचाच होता.

"मी चहा प्यायलो, कंपाउंडर," तो म्हणाला. "हात पाय धुतले, बसलो आणि चहा प्यायलो. दिवसभर जनावरांच्या जिभा बघून पोट भरणारा माणूस मी. पोरीकडे बघितलं, रंग बघितला, आणि चहा प्यायलो. छातीवर हात ठेवला नाही. कप खाली ठेवल्यावर ठेवला."

 उठताना म्हणाला, "तिचे डॉक्टर म्हणाले, तशीही ती वाचली नसती. असेल. पण मी बोललो नाही ना."

दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर बसला तेव्हा त्याच्या उजव्या हातात जीभ होती आणि डाव्या हाताच्या चिमटीत लोकरीचा एक पुंजका. पैलवानाच्याच अंगावरचा, आतल्या मऊ थरातला. तो त्याने कुत्र्याच्या नाकपुडीसमोर धरला होता. श्वासाबरोबर पुंजक्याचे केस हलत.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"रंग नाही दिसत ना, साहेब. मी 'आहे' म्हणत जाईन."

"म्हण बाबा."

मी इंजेक्शन दिलं होतं. मात्रा वजनावरून काढली होती आणि ती बरोबर होती, हे मी तेव्हाही तपासलं आणि नंतर अनेकदा. काही जनावरांना बरोबर मात्राही सोसत नाही. डॉक्टरांनी उजवा डोळा केला. गुलाबी "आहे" म्हणत होता. "आहे." "आहे." गुलाबीच्या तोंडून हा शब्द ऐकायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला मनात थोडं हसूही येत होतं. डावा डोळा संपत आला होता. बाहेर बाकावर घड्याळजी बसला होता.

"डॉक्टर," गुलाबी म्हणाला.

डॉक्टरांचे हात थांबले नाहीत. भिंग लावलेलं, मान खाली. "जीभ?"

"जीभ आहे तशीच आहे. केस हलत नाहीत."

"पंखा बंद केलाय का कोणी?"

"पंख्याने नव्हते हलत, साहेब. श्वासाने हलत होते."

"कंपाउंडर, बघा जरा."

मी वाकलो. पुंजक्याकडे बघायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं त्या टेबलाशी जे चालत आलं होतं तेच केलं. मी जीभ बघितली. निळी-काळी, आल्या दिवशी होती तशीच. निरखून बघितली, म्हणून वेळ गेला. मी म्हणालो, "रंग तसाच आहे, साहेब."

"मग झालं. दोन टाके राहिलेत. हलवू नका त्याला."

"डॉक्टर," गुलाबी पुन्हा म्हणाला. मग मला म्हणाला, "अहो, रंग काय बघता!" आणि मग तो ओरडला. सव्वीस वर्षांत टेबलाशी तो ओरडला नव्हता. त्याने जीभ सोडली आणि दोन्ही हात त्या लोकरीत खुपसले, तळापर्यंत. त्याच्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टरांनी भिंग काढलं.

त्यानंतर आम्ही जे करायचं ते सगळं केलं. छाती दाबली, सुई दिली, नाकातून फुंकर घातली. बराच वेळ केलं. पैलवानाच्या दोन्ही पापण्या सुंदर बाहेर वळल्या होत्या. डोळे कधी नव्हे एवढे मोठे दिसत होते.

घड्याळजी आत आला.  कुत्र्याच्या समोर जाऊन उभा राहिला, बाजूने नाही, समोर, आणि म्हणाला, "मला वाटलं, लोकर काढावी लागेल. तेवढीच काळजी वाटत होती." डॉक्टरांनी मान फिरवली.

प्रत्येक अशा प्रसंगी अहवाल लिहावा लागे. डॉक्टरांनी संध्याकाळी तो लिहिला. 'श्वास थांबल्याची सूचना परिचराकडून उशिरा मिळाली.' परिचर म्हणजे गुलाबी. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "या जातीत त्याला रंग ओळखता आला नाही. त्याचा तरी काय दोष म्हणा." माझ्या मते ते स्वतःला हेच पटवत होते, आणि लिहून होईपर्यंत त्यांना ते पटलंही होतं. मला त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला माहीत नाही. सूचना वेळेवर मिळाली होती, ती खोटी ठरवणारा मी होतो. मूग गिळले आणि सही केली.

गुलाबीला टेबलावरून काढून मागे पिंजरे धुवायला लावलं. स्टुलावर दुसरा माणूस आला. तो रंग सांगायचाच नाही, नुसता मान डोलवायचा. गुलाबीने भांडण केलं नाही, वर तक्रार केली नाही. आठ दिवसांनी पाण्याची नळी गुंडाळता गुंडाळता मला म्हणाला, "कंपाउंडर, मी वेळेवर बोललो होतो ना?"

"हो."

"म्हणजे मलाच भास नाही झाला."

"नाही रे."

"अहवालाचं जाऊ दे. कागद काय, कपाटात कुजेल. तेवढं घड्याळजीला सांगा. मी जाऊन सांगितलं तर स्वतःची कातडी वाचवतोय असं वाटेल. तुम्ही सांगा." मग नळी खिळ्याला अडकवत म्हणाला, "पोरीच्या वेळी नव्हतो बोललो. या वेळी बोललो. एका माणसाला तरी कळायला हवं."

"सांगतो," मी म्हणालो.

मी गेलो. लगेच नाही, महिन्याभराने. दुकानात काचेखाली घड्याळं उघडी पडली होती. काउंटरच्या पलीकडे जमिनीवर एक जुनी सतरंजी अजून तशीच अंथरलेली, तिच्यावर तांबूस केस. घड्याळजीने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं.

"तुमचा तो माणूस कसा आहे? मिशीवाला," त्याने विचारलं. "पैलवानाला आवडायचा तो. अहवालाची प्रत मिळाली मला. थोडं आधी बोलला असता तर." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं.

मी तोंड उघडलं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून पुढे ठेवलं. "जरा मागे पडतंय," म्हटलं.

त्याने भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण उघडलं, कानाशी धरलं. मग परत देत म्हणाला, "याला काही झालेलं नाही."

असं मी दोनदा केलं. दुसऱ्या वेळी घरातलं गजराचं घड्याळ नेलं होतं.

तीन वर्षं गेली. गुलाबी दर दोन-चार महिन्यांनी माझ्याकडे नुसता बघायचा आणि मी "अजून जमलं नाही रे" म्हणायचो. मग त्याने तसं बघणंही सोडलं. पिंजरे धुताना तो खोकायला लागला, तो खोकला छातीत उतरला आणि एका दुपारी वहिनींचा निरोप आला, भेटून जा.

तो त्याच खाटेवर होता. खांदे पार गळून गेले होते, मिशी तेवढी जाड. वहिनी उशाशी बसून त्याला बाळाला उष्टावल्यासारखं चमच्याने पाणी देत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल सरकवलं आणि त्या आत गेल्या.

"सांगितलं का?" त्याने विचारलं.

त्याच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. "सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हणाला?"

"म्हणाला... बरं झालं सांगितलंत. मला वाटलंच होतं म्हणाला."

 मग त्याने हाताने खूण केली. "जीभ दाखवा."

"काय?"

"दाखवा हो, कंपाउंडर. माझा धंदा आहे तो."

मी म्हातारा माणूस, त्याच्यापुढे वाकून जीभ बाहेर काढली. त्याने चिमटीत धरल्यासारखी दोन बोटं हवेत मिटली, निरखून बघितलं आणि म्हणाला, "गुलाबी."

मग त्याने डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड वळवलं. चार दिवसांनी तो गेला. सकाळी, वहिनींचा हात त्याच्या छातीवर असताना.

मी घड्याळजीकडे गेलो ते त्यानंतर आणखी नऊ दिवसांनी. या वेळी घड्याळ घरी काढून ठेवलं होतं. दुकानात तो एकटाच होता. सतरंजी आता नव्हती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लोकरीचा पुंजका, "डॉक्टर" हा शब्द, तो किती वेळा म्हणाला ते. मुलीचंही सांगितलं. आणि गुलाबी गेला, ते शेवटी.

 सगळं ऐकून झाल्यावर घड्याळजी म्हणाला, "पहिल्यांदा तो बोलला, तिथपासून डॉक्टरांनी मान वर करेपर्यंत किती वेळ गेला?"

"एक मिनिट," मी म्हणालो. "फार तर सव्वा."

त्याने काचेखालून एक मोठं घड्याळ काढलं, किल्ली दिली आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. सेकंदकाटा बारावर आला तेव्हा त्याने बोट उचललं. आम्ही दोघे बघत राहिलो. पंधरा सेकंदांना मला वाटलं, झालं असेल. तिसाला बाहेरून एक सायकल गेली. पंचेचाळीसला मी काउंटर धरला. काटा बारावर आला, पुढे गेला, तीनवर आल्यावर त्याने घड्याळ थांबवलं.

"एवढा वेळ तो सांगत होता?"

"हो."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी जीभ बघत होतो," मी म्हणालो.